समासातलं प्रश्नचिन्ह

माझ्या स्मरणशक्तीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं. सदतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा माणूस. त्या काळात माझ्या डोळ्यांखालून गेलेली पानं एकापुढे एक ठेवली, तर सदाशिव पेठेतून निघून चंद्रावर जाता येईल आणि तिथे बरा चहा मिळत नाही म्हणून परतही येता येईल. त्यातलं प्रत्येक पान मला पाठ आहे. एकदा एक लेखक आपलं हस्तलिखित रिक्षात विसरले, तर मी त्यांना तीनशे पानं तोंडी सांगितली. वर त्यांनी लिहिलंच नव्हतं ते शेवटचं प्रकरणही सांगितलं. लोकांना तेच जास्त आवडलं.

हे वाचून आमच्या घरातून शांत आवाजात सूचना येईल, "अहो, ऐंशी पानं होती. आणि रिक्षावाल्यानं ती संध्याकाळी आणून दिली."

ही माझी बायको. तिनं मला इतक्या अधिकारानं खोडावं याला कारण आहे. ती त्याच छापखान्यात होती आणि माझ्या समोरच बसायची. काम असं चालायचं: शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून झाले की पानाचा एक कच्चा ठसा निघायचा. ती लेखकाचं हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. मी ठशावर डोळा ठेवून चुका टिपायचो. चार वर्षं ती बोलत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. मग आमचं लग्न झालं. व्यवस्था तीच राहिली.

त्या खोलीत तिसरे होते आमचे थोरले मुद्रितशोधक. धोतर, काळी टोपी, आणि बाराही महिने काखेत छत्री. त्यांची शिस्त दोन रंगांची होती. चूक नक्की असेल तर लाल शाई. नक्की नसेल, नुसतंच कुठेतरी खटकत असेल, तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. मग ज्याचा मजकूर त्याला विचारायचं. माझ्या पानांवर लाल शाईचा सडा पडलेला असायचा आणि पेन्सिलीचं टोक मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी असावं तसं. ते पान माझ्याकडे परत सरकवायचे.

"एकही शंका नाही? वाचलंत, की नुसतं बघितलंत?"

मी मनात म्हणायचो, शंका यायला आधी अज्ञान लागतं, ते कुठून आणू? तुम्ही आमच्या पेठेत कोणालाही पत्ता विचारून बघा. त्याला ठाऊक नसेल तर तो तुम्हाला उजवीकडे पाठवेल, डावीकडे पाठवेल, तुम्ही मुळात तिथे जाताच का म्हणून झाडेल, पण "माहीत नाही" म्हणणार नाही. ते दोन शब्द आमच्याकडे कोणी कोणाला शिकवलेलेच नाहीत.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. एका दुकानदाराची दिनदर्शिका आमच्याकडे छपाईला होती. त्यात एका बुधवारची संकष्टी चुकून मंगळवारच्या चौकटीत पडली. मंगळवारी संकष्टी म्हणजे अंगारकी! ती दिनदर्शिका घरोघरी लागली असती तर अख्ख्या पुण्यानं भलत्याच दिवशी उपास केला असता आणि खऱ्या संकष्टीला मिसळ खाल्ली असती. संध्याकाळी मी बसमध्ये बसलो. बस स्वारगेटला पोचली आणि डोक्यात वीज चमकली. मी उडी मारली. तिथून जो धावत सुटलो तो थेट छापखान्यात. यंत्र सुरू झालेलं, कागद सपासप बाहेर पडतायत. मी ओरडलो, "थांबवा!" पुणं वाचलं.

वीस वर्षांपूर्वी ही गोष्ट सांगताना मी थांबलेल्या बसमधून उतरायचो. मग चालत्या बसमधून उतरायला लागलो. अलीकडे बस पुलावर असते आणि खाली नदीला पाणी असतं.

माझी मुलगी हिंजवडीला चौदाव्या मजल्यावर राहते. इतक्या उंचावर की कावळे धापा टाकत येतात. एका रविवारी दुपारी तिच्या ऑफिसातली मित्रमंडळी जेवायला होती. तिनं फर्माईश केली, "बाबा, ती कॅलेंडरची स्टोरी सांगा ना." मी सांगितली. त्या दिवशी असा रंग भरला की एक जण हातातली पुरी हातातच धरून बसला. टाळ्या पडल्या. बायको एरवी मध्ये एकदा तरी म्हणते, "अहो, बस उभी होती." त्या दिवशी तिनं चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, अखेर तिलाही माझी योग्यता कळली.

हिंजवडीहून सदाशिव पेठेत यायला साधारण एक ऋतू लागतो. टॅक्सी पहिल्याच चौकात अडकली तेव्हा ती म्हणाली, "आपण डॉक्टरांकडे जाऊ या."

"काय होतंय तुला?"

"मला काही नाही. तुम्हाला."

"मला काय धाड भरलीय? ऐकल्यास ना टाळ्या?"

"तुम्ही कान चोळला नाहीत."

"कसला कान?" मी विचारलं. तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते तिनं लग्नाआधीपासून पोटात ठेवलं होतं. थाप मारण्याआधी मी डाव्या कानाची पाळी चोळतो. दर वेळी. छापखान्यात असताना तिच्या ते लक्षात आलं, आणि त्या भरवशावर तिनं माझ्याशी लग्न केलं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चोळणं सोडलं असतं. मग मला कळायची सोय काय?" ती म्हणाली. "आज पुलाच्या वेळी चोळलात. नदीच्या वेळी चोळलात. पण एका जागी हात मांडीवरच होता. ती थाप आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं."

"कुठल्या जागी?"

"ते तुम्ही शोधायचं. मी सांगितलं तर पाठ कराल."

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "थापा मारा हो तुम्ही. त्याला मी कधी नाही म्हटलंय? पण मारतोय हे तुमचं तुम्हाला कळत होतं. तेवढं जाऊ देऊ नका."

टॅक्सीत एसी होता. मला घाम आला.

मुलीनं दुसऱ्याच दिवशी सूत्रं हातात घेतली. स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टर आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर होत्या, तरी ती हिंजवडीहून आली. पहिलं काम म्हणजे माझ्या स्कूटरची किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. "रिपोर्ट येईपर्यंत स्कूटर बंद, बाबा. आणि काही निघालं तर तुम्ही दोघं माझ्याकडे शिफ्ट व्हायचं. नो डिस्कशन." म्हणजे आता पणाला लागलं होतं माझं डोकं, माझी स्कूटर आणि माझी पेठ. तिन्ही गमावून चौदाव्या मजल्यावर कावळ्यांशी गप्पा मारत बसलेला मी मला दिसू लागलो.

डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काका, मी पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन." कंदील, दही, लोकर, घंटा, विहीर. मी हसलो. तीनशे पानं सांगणाऱ्या माणसाला पाच शब्द! मग त्यांनी घड्याळ काढायला लावलं. मी काढलं, त्यात तासकाटा, मिनिटकाटा, शिवाय लंबकही. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी इतक्या वेगानं खाली आलो की त्यांना थांबवावं लागलं. मग त्यांनी ते पाच शब्द विचारले.

मी सात सांगितले.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तीन बरोबर आहेत. चार तुमचे आहेत."

"जास्तीचे दिले तर तक्रार कसली?" मी म्हणालो. "दुकानात तुम्ही पाव किलो मागता आणि तो नेमकं पाव किलोच देतो तेव्हा चिडताच ना?"

मुलगी म्हणाली, "बाबा!"

डॉक्टरीणबाईंनी एक छोटी गोष्ट वाचून दाखवली: एका बाईची पिशवी स्वारगेटला बसमध्ये राहते, ती धावत डेपोत जाते, कंडक्टर पिशवी परत देतो. "आता तुम्ही सांगा." मी सांगितली. माझ्या गोष्टीत पिशवीत मुलीच्या लग्नाचा शालू होता, लग्न दुसऱ्या दिवशी होतं, कंडक्टरला मिशा होत्या आणि शेवटी तो लग्नाला येऊन जेवून गेला.

"शालू होता असं मी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नसेल म्हटलं. पण असणारच. जुन्या वर्तमानपत्रासाठी बाई एवढी धावते होय?"

त्या हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, एकच सांगा. पिशवीत शालू तुम्ही तुमच्या मनानं घालताय, हे घालत असताना तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी तोंड उघडलं. मी आत वळून पाहिलं, तर शालू तिथे होता. हिरवा, लाल काठांचा, घडी मोडलेला. कंडक्टर होता, बाई होती, शालू होता, तिघांचा ठसा सारखाच ठळक. कुठला त्यांनी वाचला आणि कुठला मी छापला, हे बघून सांगता येईना. सदाशिव पेठेत एका माणसाला प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आलं नाही, असं पेठ वसल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

"शब्द विसरल्याची मला फार काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विसरलेल्या जागी मन काहीतरी भरतं. सगळ्यांचंच भरतं, माझंसुद्धा. आठवण म्हणजे आत ठेवलेला फोटो नसतो, दर वेळी ती नव्यानं तयार होते. मला बघायचं ते एवढंच, की भरलंय हे आत कोणाला तरी कळतंय का." त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि डोक्याचा स्कॅन लिहून दिला. तीन आठवड्यांनी परत बोलावलं. तोवर रोज एकेक आठवण लिहायची आणि प्रत्येक वाक्यापुढे आपली किती खात्री आहे ते लिहायचं, असा अभ्यासही दिला.

मी घरी चालत आलो. स्कूटर नव्हतीच. वाटेत मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान आहे. बाई म्हणाल्या, आठवण दर वेळी नव्यानं तयार होते. हे मला नवं नव्हतं! छापखान्यात पान छापून झालं की ते तसंच ठेवून देत नसत. खिळे सोडवून ज्याचे त्याच्या खणात परत टाकत. अ अच्या खणात, क कच्या खणात. पुन्हा तेच पान हवं असेल तर पुन्हा जुळवा. आणि पुन्हा जुळवलं की नवी चूक आलीच. म्हणून तर आम्हाला पगार होता. मग डोक्यातही कोणीतरी खिळे जुळवतोय, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी ते वाचून बघतोय. जुळवणारा भराभर जुळवतो, त्याला लाज नाही. पण वाचणारा थांबतो, म्हणतो, हे खटकतंय. माणसाचं भान म्हणतात ते म्हणजे हा वाचणारा. शुद्ध, जाणीव, मी, स्वतः, काय म्हणाल ते म्हणा. मोठमोठे विद्वान हिमालयात जाऊन ज्याला शोधतात तो दुसरातिसरा कोणी नसून मुद्रितशोधक आहे! मी थांबलो आणि रस्त्यात मोठ्यानं "वा!" म्हणालो. एका स्कूटरवाल्यानं मला वळसा घातला आणि त्याचं मत सांगितलं.

दुसऱ्या क्षणी मनात आलं, माझा आतला मुद्रितशोधक निवृत्त तर झाला नाही ना?

बायकोनं उपाय केला. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर तिनं जेवणाचं टेबल पुसलं, माझ्यासमोर लाल पेन आणि पेन्सिल ठेवली आणि माझी वही हातात घेऊन पलीकडच्या खुर्चीवर बसली. मी आदल्या दिवशी लिहिलेली आठवण ती मोठ्यानं वाचू लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. पंचेचाळीस वर्षांनी तोच आवाज. माझ्या हातात त्याच पानाची झेरॉक्स. मुद्दाम मारलेली थाप असेल तिथे लाल. ठाऊक नसेल तिथे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. बाकीचं खरं.

पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे पान लालेलाल केलं. तिनं ते पाहिलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

"एकही शंका नाही? वाचलंत, की नुसतं बघितलंत?"

थोरल्यांची हुबेहूब नक्कल. मी हसलो. ती हसली नाही.

चौथ्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिल्याची आठवण होती. ती वाचत होती, "छापखान्याच्या दारातून ती निळ्या साडीत आत आली, पूर्णविराम." मी झोकात पुढे जाणार, तेवढ्यात कुठेतरी खट्‌ झालं. निळी? ती निळी साडी माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होती. पण ती मी कुठे पाहिली? आमच्या लग्नाआधीचा तिचा एकच फोटो आहे, तो काळापांढरा. मग निळा रंग कोणी दिला?

"तू निळी साडी नेसली होतीस?" मी विचारलं.

"मला विचारू नका. तुमचं काय?"

मी पेन्सिल उचलली. खोटं वाटेल, पण त्या पेन्सिलीचं वजन चार किलो होतं. समासात मी एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. आयुष्यातलं पहिलं. तिनं ते चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीपाशी नेऊन, असं तीन वेळा पाहिलं. मग म्हणाली, "मलाही आठवत नाही हो कुठली होती ते." आणि उठून पुन्हा चहा टाकला. आमच्याकडे सकाळचा दुसरा चहा फक्त दिवाळीला होतो.

त्यानंतर सपाटाच लागला. मला माझा स्वतःचा जन्म आठवतो असं मी सगळ्यांना सांगतो, सुईणीच्या बांगड्यांच्या आवाजासकट. ती आठवण मी आपणहून लाल केली. शाळेत पहिला आलो होतो, तिथे प्रश्नचिन्ह. दुसरा आलो होतो, तिथेही. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सांगून ठेवतो. खोटी आठवण खोटी वाटत नाही. खात्री ही आतून येते म्हणून ती खरी मानायची नाही, जुळवणारा खात्रीही सोबत जुळवूनच देतो. तपासायचं ते दुसरीकडूनच. हे मला कोठून कळलं? दुसरा चहा पिऊन.

दहाव्या दिवशी दिनदर्शिकेची पाळी आली. ती ठरवून मीच लिहिली होती, कारण त्या टॅक्सीपासून मला एवढं कळलं होतं की हात मांडीवर राहिला ती जागा तिथेच आहे.

ती वाचू लागली. बस पुलावर होती, लाल. नदीला पूर होता, लाल. मी उडी मारली, लाल. "मी स्वारगेटहून छापखान्याकडे धावत सुटलो, पूर्णविराम," तिनं वाचलं, आणि ती थांबली. पुढचं वाक्य वाचेना. वहीवरून नजरही काढेना.

मी डोळे मिटले. धावणं तिथे होतं, लख्ख. रस्ता, संध्याकाळचं ऊन, सायकली, आणि धावणारा माणूस. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या काखेत छत्री होती. एका हातात त्यानं धोतराचा सोगा धरला होता. आणि तो माझ्याकडे येत होता.

माझ्याकडे! धावणारा मी असतो तर मला रस्ता दिसला असता. स्वतःचा चेहरा समोरून येताना कोणाला दिसतो? आणि धोतर मी मुंजीनंतर थेट लग्नात नेसलो. मी छापखान्याच्या वरच्या खिडकीत उभा होतो. हातात कपबशी होती. ती गरम होती.

मी पेन्सिल घेतली आणि "मी" या अक्षराशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मग ते खोडलं आणि लाल पेनानं "मी" कापून वर लिहिलं, "थोरले."

तिनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगणार नाही. तिथे थाप मारता येणार नाही आणि खरं लिहिता येणार नाही.

"धावले ते," ती म्हणाली. "सेवानिवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, दम्याचा. ते गेले, त्यानंतर तुम्ही त्यांची गोष्ट सांगायला लागलात. आधी त्यांचीच म्हणून सांगायचात. मग कान चोळून स्वतःची म्हणून. मग एक दिवस कान राहिला."

मी म्हणालो, "म्हणजे मी नुसता चहा पीत होतो."

"बावळट आहात," ती म्हणाली. "ते धावत आले ते कशामुळे?"

आणि मग तिनं मला माझ्याच आयुष्यातली गोष्ट सांगितली. दिनदर्शिकेचा कच्चा ठसा आदल्या दिवशी माझ्याकडे होता. ती तिथ्या वाचत होती. पौर्णिमा शनिवारी होती. मग रविवारी प्रतिपदा, सोमवारी द्वितीया, मंगळवारी तृतीया, बुधवारी चतुर्थी. पण हस्तलिखितातच संकष्टी मंगळवारी लिहिलेली. हस्तलिखितात आहे म्हटल्यावर आमची चूक नाही. शिवाय मधल्या एखाद्या तिथीचा क्षय असेल, म्हणजे ती गळलेली असेल, तर मंगळवार बरोबरही असू शकतो. नक्की सांगता येत नव्हतं. म्हणून मी समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. थोरल्यांनी घाईत ते पाहिलं, "क्षय असेल" म्हणून खोडलं आणि पान छपाईला सोडलं. संध्याकाळी बसमध्ये त्यांना ते प्रश्नचिन्ह आठवलं. पंचांग उघडून बघितलं नाही हे आठवलं. स्वारगेटला ते उतरले.

"म्हणजे ते माझं पहिलं प्रश्नचिन्ह होतं?" मी म्हणालो. "साडीचं नाही?"

"पहिलं आणि पंचेचाळीस वर्षं शेवटचं."

"यंत्र थांबल्यावर ते काय म्हणाले? मालकांना सांगितलं का, शंका माझी होती म्हणून?"

तिनं तोंड उघडलं. मग टेबलावरची पेन्सिल उचलली. "सांगितलं असं मला वाटतं. पण मी खालच्या जिन्यात होते. त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं, म्हणूनही असेल." आणि तिनं माझ्या पानाच्या समासात स्वतःचं प्रश्नचिन्ह काढलं.

तर वाचकहो, इतकी वर्षं मी एका म्हाताऱ्या माणसाची धाव आपल्या नावावर सांगत होतो, आणि जे खरोखर माझं होतं ते साफ विसरलो होतो. पुणं धावण्यानं वाचलं नाही. पुणं वाचलं एका पेन्सिलीच्या खुणेनं, आणि ती माझी. दम्याच्या माणसाला स्वारगेटपासून धावायला लावेल अशी शंका काढायला किती ताकद लागते, कल्पना करा.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं परत डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. स्कॅनमध्ये वयाला शोभेल तेवढंच. रक्तात एक जीवनसत्त्व कमी, त्याच्या गोळ्या. मग त्यांनी नवे पाच शब्द दिले आणि थोड्या वेळानं विचारले.

"चार सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितले. "पाचवा..." मुलीनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. "पाचव्या जागी माझ्या मनात 'पालखी' येतंय. अगदी स्पष्ट येतंय. पण ते तुमचं नाही, ते मी भरलंय. तुमचा शब्द मला माहीत नाही."

माहीत नाही! आमच्या पेठेच्या हद्दीत हे वाक्य उच्चारलं गेलं. बाहेर रहदारी थांबली, पोपट गप्प झाले, एका दुकानदारानं दुपारी एक ते चारच्या मध्ये दुकान उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मागच्या वेळचे सात आणि आजचे चार. मला चार जास्त आवडले. सहा महिन्यांनी परत या, आपण लक्ष ठेवू. आत कोणीतरी जागं आहे, काका."

"मुद्रितशोधक आहे तो," मी म्हणालो. "सदतीस वर्षांचा अनुभव."

जिन्यातच मुलीनं पर्समधून किल्ली काढली. "पण फक्त पेठेत चालवायची. कात्रजला वगैरे जायचं नाही."

परवाच्या रविवारी पुन्हा हिंजवडीला जेवण होतं. मंडळी नवी होती. "बाबा, कॅलेंडरची स्टोरी!" मी सांगितली. या वेळी बसमध्ये थोरले होते, धोतर, टोपी, छत्रीसकट, आणि मी खिडकीत चहा घेऊन. मी त्यांना असं धावायला लावलं की स्वारगेटचे सगळे सिग्नल त्यांच्यासाठी हिरवे झाले, छत्री उघडून त्यांनी अर्धं अंतर तर उडतच कापलं. त्या दम्याच्या माणसाचं एवढं तरी मी देणं लागतो. मग मी आवाज खाली आणून समासातल्या प्रश्नचिन्हाचं सांगितलं. डाव्या कानाची पाळी चोळली आणि म्हणालो, ते इतकं लहान होतं की मुंगीनंही वळसा घातला नसता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिची नजर माझ्या कानावर होती. हात खाली आला तसा तिनं श्वास सोडला, आणि पुढे येऊन माझ्या पानात पुरी वाढली.

"आता ठाऊक झाल्यावर त्या कानाचा काय भरवसा," ती माझ्यापुरतं म्हणाली.

मी आत वळून पाहिलं. आपोआप चोळला होता, की तिच्यासाठी मुद्दाम?

"माहीत नाही," मी म्हणालो. तिनं दुसरी पुरी वाढली.